तोर्चेल्लोचं चर्च: येताना एक भिंत, जाताना दुसरी

२५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसनं ठरावीक दिवशी, दिवसभरापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. ‘आता शहर बघायलाही तिकीट’ म्हणून ही बातमी आपल्याकडेही बरीच फिरली. पुढच्या वर्षी फीचे दिवस वाढले आणि ऐनवेळी पैसे भरणाऱ्यांना दुप्पट रक्कम पडू लागली. त्या बातमीत सहसा न आलेली गोष्ट अशी, की ही फी मुख्य शहरापुरतीच आहे. आजूबाजूच्या लहान बेटांना ती लागू नाही. मुरानो काचेसाठी आणि बुरानो लेससाठी ठाऊक असतं. तिसऱ्या बेटाचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. ते तोर्चेल्लो.

तिथे आज कायमची वस्ती अगदी मोजक्या माणसांची आहे. धक्क्यावर उतरलं की कालव्याच्या कडेनं विटांची वाट जाते. दहाएक मिनिटं चालायचं. मध्ये कठडे नसलेला एक कमानीचा पूल लागतो, त्याला सैतानाचा पूल म्हणतात. वाट संपते तिथे गवताचा मोकळा चौक आहे आणि त्यात विटांचं एक उंच, साधं चर्च. नाव सांता मारिया अस्सुंता. पहिली उभारणी इसवी सन ६३९ मधली.

मी आईला घेऊन गेले होते. आई कोकणातल्या घरात वाढलेली. चर्च म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे गोवा येतो: पांढरीशुभ्र दर्शनी भिंत आणि आत सोनेरी मुलामा दिलेली लाकडी कोरीव वेदी. चौकात उभी राहून ती म्हणाली, “बाहेरून तर गोदामासारखं दिसतंय गं.” मग आत गेलो आणि तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर मला जाणवलं की फोटो पाहून लोक मला जे विचारतात ते जवळपास हेच. म्हणून त्या प्रश्नांच्याच वाटेनं जाते.

बायझंटाईन म्हणजे नक्की कुठलं?

या नावाचा देश नकाशावर कधीच नव्हता, त्यामुळे गोंधळ होणं स्वाभाविक आहे. रोमन साम्राज्याचे पुढे दोन भाग पडले. पश्चिमेकडचा भाग पाचव्या शतकात कोसळला. पूर्वेकडचा टिकला, आणि थोडाथोडका नाही, १४५३ पर्यंत. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. सम्राट कॉन्स्टंटाईननं ३३० मध्ये ही राजधानी केली त्याआधी त्या गावाचं नाव बायझँटियन होतं. तिथले लोक ग्रीक बोलायचे, पण स्वतःला रोमनच म्हणवायचे. ‘बायझंटाईन’ हे नाव युरोपातल्या अभ्यासकांनी रूढ केलं ते १६ व्या शतकात, ते साम्राज्य संपल्यावर.

चर्चच्या बाबतीत हा शब्द आला की त्यातून एक घडण कळते. बाहेरून इमारत साधी, विटांची. सगळा खर्च आत. भिंतींवर आणि छतावर रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांची चित्रं, ज्यांना मोझेक म्हणतात. चित्रामागे निसर्ग किंवा आकाश नाही, नुसतं सोनं. माणसं समोर बघणारी. आणि कोणतं चित्र कुठे असावं याची रीत ठरलेली. आपल्या जुन्या देवळांत द्वारपाल कुठे, गणेशपट्टी कुठे आणि गाभाऱ्यात काय हे जसं कोणाला विचारावं लागत नाही, तसंच.

मग घुमट कुठे आहे?

फोटोंमधली बायझंटाईन चर्चं घुमटाची असतात, त्यामुळे ही शंका येतेच. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ५३७ साली पूर्ण झालेल्या आया सोफियाचा घुमट सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे. पण त्याच जगात दुसरा, जास्त जुना आराखडाही चालत होता. लांबट सभागृह, आत खांबांच्या दोन रांगा, वर लाकडी छप्पर आणि पूर्वेच्या टोकाला अर्धगोल कोनाडा. याला बासिलिका म्हणतात. खांबांचा सभामंडप आणि त्याच्या टोकाला गाभारा अशी कल्पना केली तर फार चूक होणार नाही. तोर्चेल्लोचं चर्च या घाटाचं आहे. आज दिसणारी इमारत मुख्यतः १००८ ची. बिशप ओर्सो ऑर्सेओलो यानं ती नव्यानं बांधून घेतली. त्याचे वडील व्हेनिसचे राज्यप्रमुख होते.

घुमटाच्या विचारानं बांधलेलं चर्च शेजारीच आहे. सांता फोस्का हे लहानसं, चारी हात सारखे असलेल्या क्रुसाच्या आकाराचं, भोवती आठकोनी ओसरी असलेलं. घुमट मात्र त्यावर नाही. लाकडी छप्परच आहे.

एवढ्याशा बेटावर एवढं चर्च कशाला?

आईचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. उत्तर असं, की हे बेट एकेकाळी ओसाड नव्हतं.

समोर मुख्य भूमीवर आल्तिनुम नावाचं रोमन शहर होतं. ४५२ मध्ये अत्तिलाच्या हूणांनी हा सगळा पट्टा लुटला. ५६८ पासून लोंबार्ड टोळ्या आल्या, आणि त्या परत गेल्या नाहीत. आल्तिनुमच्या लोकांनी समोरच्या लगूनचा आसरा घेतला. लगून म्हणजे वाळूच्या लांब पट्ट्यांनी समुद्रापासून अडवलेलं उथळ खारं पाणी. घोडेस्वारांना त्या चिखलात येता येत नाही, आणि वाटा ठाऊक नसलेल्याची होडी रुतते. एका दिवसात गाव उठून आलं असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक सरकत आले. शेवटी बिशपची गादीही इथे आली. आल्तिनुमचे पहिले बिशप संत हेलिओदोरस यांच्या अस्थी आणल्या गेल्या, आणि आज त्या वेदीखाली एका रोमन दगडी शवपेटीत आहेत. गाव सोडताना देव्हारा बरोबर न्यावा, तसं.

वेदीच्या डाव्या बाजूला भिंतीत एक शिलालेख आहे. त्यात सम्राट हेराक्लियस आणि राव्हेन्नाहून इटलीचा कारभार बघणारा त्याचा प्रतिनिधी आयझॅक यांची नावं आहेत. म्हणजे ६३९ मध्ये या चिखलातल्या बेटावर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचं राज्य चालत होतं. हे एकदा कळलं की ‘इटलीत बायझंटाईन चर्च कसं’ हा प्रश्न उरत नाही. ते त्याच राज्यात बांधलं गेलं.

पुढे तोर्चेल्लो व्यापारानं वाढलं. १० व्या शतकातला सम्राट कॉन्स्टंटाईन सातवा यानं लिहून ठेवलं आहे की तोर्चेल्लो ही मोठी बाजारपेठ आहे. मग लगूननंच घात केला. नद्यांचा गाळ साचत गेला आणि पाणी उथळ झालं. गोडं आणि खारं पाणी मिसळून बोरूची बेटं माजली, त्यात डास झाले. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन आहे. ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. लोक व्हेनिसकडे सरकले. जाताना घरांच्या विटा आणि पायऱ्यांचे दगडही नेले. १६८९ मध्ये बिशपही मुरानोला राहायला गेला. वाडे गेले, मठ गेले. चर्च तेवढं राहिलं.

चौकात एक दगडी खुर्ची आहे, तिला अत्तिलाचं सिंहासन म्हणतात आणि प्रत्येक जण तिच्यावर बसून फोटो काढतो. अत्तिला या बेटावर आल्याचा काहीच पुरावा नाही. बेटावरचा अधिकारी न्यायनिवाड्याला त्या खुर्चीवर बसत असावा.

भिंतीवर सोनं कसं बसवतात?

आईला वाटलं सोन्याचा पत्रा ठोकला असेल. खरं तंत्र त्याहून फार नाजूक आहे.

आधी काचेची पाटी करतात. तिच्यावर सोन्याचा वर्ख पसरतात, अगदी मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात तसा, फुंकरीनंही उडेल इतका पातळ. त्यावर आणखी एक अतिशय पातळ काच ठेवून भट्टीत एकजीव करतात. सोनं दोन काचांच्या मध्ये कायमचं बंद होतं. हवा लागत नाही, हात लागत नाही, काळं पडत नाही. मग ती पाटी तोडून नखाएवढे तुकडे करतात. इतर रंगांसाठी काच वितळवतानाच तिच्यात धातूंची संयुगं घालतात: निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं.

भिंतीवर चुन्याचे थर देतात. शेवटचा थर मात्र एका बैठकीत पूर्ण करता येईल तेवढाच, कारण तुकडे ओल्या चुन्यातच रोवावे लागतात. चुना सुकायला लागला की तुकडा धरत नाही. रांगोळीत बोटांतून रंग सुटला की तो परत उचलता येत नाही. इथेही हात तितकाच सरावाचा आणि निश्चित लागतो, आणि काम उभ्या भिंतीवर, परांचीवर चढून.

यातली खरी हुशारी पुढे आहे. तुकडे फरशीसारखे सपाट लावत नाहीत. प्रत्येक तुकडा किंचित तिरका. कोणी खाली झुकलेला, कोणी बाजूला कललेला. त्यामुळे सगळे तुकडे एकाच वेळी चमकत नाहीत. तुम्ही दोन पावलं चाललात की आधी मंद असलेला भाग उजळतो आणि उजळलेला विझतो. समया आणि मेणबत्त्या होत्या तेव्हा, ज्योत हलली की सगळी भिंत हलल्यासारखी वाटत असणार. नववारीचा जरीचा पदर अंगावर असताना जसा दिसतो तसा घडी करून कपाटात ठेवल्यावर दिसत नाही. या भिंतीचंही तसंच आहे. म्हणून फोटोत ती नुसती पिवळी येते. आम्ही गेलो तेव्हा आत फोटो काढायला मनाईच होती. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

चेहरे इतके ताठ का?

‘त्यांना नीट काढता येत नव्हतं का?’ ही शंका बहुतेकांच्या मनात येते आणि थोडे लोकच ती बोलून दाखवतात. आईनं दाखवली.

येत होतं. ग्रीक आणि रोमन कलाकारांनी शतकानुशतकं जिवंत वाटणाऱ्या मूर्ती घडवल्या होत्या, आणि हे त्यांचेच वारस. इथे हेतू वेगळा होता. त्या समाजात प्रतिमांवरून मोठा संघर्ष झाला होता. आठव्या शतकात काही सम्राटांनी धार्मिक चित्रांवर बंदी घातली, चित्रं पुसली, फोडली. मध्ये एक खंड पडून हा वाद ८४३ पर्यंत चालला. चित्रांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं साधं होतं: चित्राला दिलेला मान चित्रात अडकत नाही, तो ज्याचं चित्र आहे त्याच्यापर्यंत जातो. आपण आजोबांच्या फोटोला हार घालतो तो काचेसाठी नसतो. शेवटी हीच बाजू जिंकली.

पण एकदा हे मान्य केलं की चित्रावर जबाबदारी येते. ज्याच्या मार्फत संतापर्यंत पोचायचं, ते चित्र गोष्ट सांगत दुसरीकडे बघणारं असून चालत नाही. त्यानं तुमच्याकडे बघायला हवं. आपण ज्याला दर्शन म्हणतो त्यात देवाला बघणं आणि देवाच्या नजरेला पडणं दोन्ही असतं. समोरून सरळ बघणारे हे मोठे डोळे त्यासाठी आहेत. आणि मागे सोनं का? कारण ही माणसं कुठल्या गावात, कुठल्या ऋतूत उभी आहेत हे दाखवायचंच नाही. हे सांगितल्यावर आई पुन्हा वर बघायला लागली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पूर्वेची भिंत: एकटीच उभी असलेली आई

आत शिरल्यावर नजर थेट समोर जाते. मध्ये संगमरवरी पडदभिंत आहे, भक्तांची जागा आणि वेदी यांच्यामधली. तिच्या कोरीव फळ्यांवर एका उंच पात्रातून पाणी पिणारे दोन मोर आहेत. मोर म्हणजे अमरत्वाची खूण. ही फळी जवळून बघा. मोराच्या मानेचा बाक आणि भोवतीची वेलबुट्टी इतकी बारीक कोरली आहे की दगडाचं कापड झाल्यासारखं वाटतं. खालची फरशीही बघण्यासारखी आहे, रंगीत संगमरवरांच्या तुकड्यांची, ११ व्या शतकातली.

पडदभिंतीपलीकडे अर्धगोल कोनाडा. तळाशी विटांच्या पायऱ्यांची गोलाकार बैठक, पुरोहितांसाठी, आणि मधोमध उंचावर बिशपचं आसन. त्याच्या वर बारा प्रेषित, फुलं फुललेल्या हिरवळीवर रांगेत उभे. आणि त्यांच्याही वर, सबंध कोनाडाभर पसरलेल्या सोन्यात एकच आकृती. निळी गडद वस्त्रं घातलेली, उंच, सडपातळ मारिया, म्हणजे येशूची आई, डाव्या हातावर मूल. उजव्या हातानं ती त्या मुलाकडे बोट दाखवते आहे. या प्रकारच्या चित्राला ‘होदेगेत्रिया’ म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारी.

“ही एकटीच गं? आणि एवढं सोनं रिकामं सोडलंय?” आई म्हणाली.

रिकामं सोडलं आहे म्हणूनच ती दिसते. दोन्ही बाजूंना देवदूत किंवा संत बसवायला भरपूर जागा होती, आणि बऱ्याच ठिकाणी तसे बसवतातही. इथे नाहीत. सगळ्या बाजूंनी नुसती चमक आणि मध्ये एक गडद उभी रेघ. खाली उभं राहून वर बघताना पोटात कालवतं. मला या चर्चमधली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. बाकी सगळं समजावून सांगता येतं, त्या मोकळ्या सोन्यासमोर मात्र उभं राहावं लागतं.

इथे लॅटिन ओळी आहेत. त्यांचा भावार्थ असा: सद्गुणांचा आदर्श, समुद्राचा तारा, मुक्तीचं दार अशी ही मारिया, ईव्हनं आपल्या पतीसह ज्यांना बंधनात टाकलं, त्यांना ती आपल्या पुत्राच्या योगानं सोडवते. ‘समुद्राचा तारा’ हे शब्द इथे नुसते अलंकार म्हणून येत नाहीत. हे वाचणारे सगळे होडीवर पोट असलेले लोक होते. ईव्हचं, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या स्त्रीचं, नाव मात्र लक्षात ठेवा.

पश्चिमेची भिंत: पाठ फिरवल्यावर

बरेच लोक वेदी बघून वळतात आणि तिथेच थबकतात. कारण ज्या भिंतीकडे पाठ करून ते आले, ती वरपासून खालपर्यंत माणसांनी गजबजलेली आहे. समोर एक माणूस आणि अफाट मोकळीक, मागे शेकडो आकृत्या आणि दाटी. हे अंतिम न्यायाचं चित्र. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे जगाच्या अखेरीस सगळे मेलेले उठतील आणि प्रत्येकाचा निवाडा होईल, तो दिवस.

ही भिंत वरून खाली, ओळीनं वाचायची. सगळ्यांत वर क्रुसावरचा येशू. त्याखाली तो पाताळाची दारं तुडवून आदामाचा हात धरून त्याला बाहेर ओढतो आहे. त्याखाली न्यायाधीश म्हणून बसलेला तोच येशू, दोन बाजूंना मारिया आणि योहान, आणि रांगेत प्रेषित. त्याच्या पायाशी एक लाल धार सुरू होते. ती बोटानं माग काढत खाली आणा: ती आगीची नदी आहे, आणि ओळीमागून ओळ उतरत ती थेट नरकात जाते.

मधल्या ओळीत एक रिकामं सिंहासन आहे, न्यायासाठी तयार ठेवलेलं. त्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकून कोण बसलं आहे? आदाम आणि ईव्ह. पूर्वेच्या ओळींत जिचं नाव आहे ती ईव्ह इथे, बरोबर समोरच्या भिंतीवर, हात पसरून बसली आहे. दोन भिंती एकमेकींशी बोलतात त्या अशा. हे तिथे उभं राहूनच कळतं, कारण एकाच वेळी दोन्ही बघता येत नाहीत. मान वळवावी लागते.

त्याच पट्ट्यात देवदूत शिंगं फुंकताहेत, आणि जंगली श्वापदं व समुद्रातले मासे गिळलेली माणसं परत ओकून देताहेत. कोणाच्या तोंडातून डोकं, कोणाच्या तोंडातून हात. खलाशांच्या गावात याचा अर्थ समजावून सांगायची गरज पडली नसेल. ज्याचं प्रेत समुद्रानं परत दिलं नाही, त्या माणसाच्या घरच्यांसाठी हे चित्र भीतीचं नव्हतं, ते दिलासा देणारं होतं असं मला वाटतं.

खाली, दाराच्या वर, देवदूत मिखाएल तराजू धरून आत्मे तोलतो आहे आणि काळे सैतान काठ्यांनी पारडं खाली ओढू बघताहेत. भाजीवाल्याच्या काट्यावर अंगठा ठेवल्यासारखं. त्याच्या एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरकाचे कप्पे. आगीत मुकुट घातलेली डोकी आहेत. लोभी लोकांच्या कानांत अजून दागिने आहेत. मत्सरी लोकांच्या फक्त कवट्या उरल्या आहेत आणि डोळ्यांच्या खोबणींतून साप आत-बाहेर करताहेत. दुसऱ्याचं बघवलं नाही त्या डोळ्यांची ही शिक्षा, हे आईला कोणी सांगावं लागलं नाही.

आणि दाराच्या अगदी वर, अर्धगोलात, पुन्हा मारिया. या वेळी हातात मूल नाही. दोन्ही हात वर करून ती प्रार्थना करते आहे. सोबतच्या ओळीत तिला विनवलं आहे की पुत्राकडे रदबदली कर आणि पाप धुऊन टाक. न्यायाचं चित्र बघून घाबरलेला माणूस बाहेर पडतो तो तिच्या हातांखालून.

कॅथलिक चर्चमध्ये ग्रीक अक्षरं कशी?

कोनाड्यातल्या मारियेच्या दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरं आहेत, ‘देवाची माता’ या ग्रीक शब्दांची पहिली आणि शेवटची अक्षरं. पूर्व आणि पश्चिमेचं चर्च १०५४ मध्ये फुटलं हे शाळेत वाचलेलं असतं, म्हणून हे खटकतं. पण फूट पडली म्हणून दुसऱ्या दिवशी माणसांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं असं झालं नाही. व्हेनिसचे व्यापारी कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुकानं मांडून होते. १०८२ मध्ये सम्राटानं त्यांना करमाफीची मोठी सनद दिली. मोझेकची कला आणि कारागीर त्याच वाटेनं आले, आणि इथली मोठी मोझेकं याच ११ व्या-१२ व्या शतकांतली. विधी लॅटिन, कारागिरी ग्रीक. याच व्हेनिसच्या जहाजांतून गेलेल्या धर्मयुद्धाच्या फौजेनं १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं, हे मात्र ही भिंत बघताना आठवून फार त्रास होतो.

हे सगळं मूळचंच आहे का?

नाही. १९ व्या शतकातल्या दुरुस्त्यांत काही मूळ भाग काढून त्या जागी नवे बसवले गेले, काही डोकी तर बाजारात गेली. अभ्यासकांनी तुकड्यांची काच आणि चुना तपासून जुनं कोणतं, नवं कोणतं हे बरंचसं वेगळं केलं आहे. वरच्या ओळींतल्या काही आकृत्या म्हणूनच जरा जास्त सफाईदार दिसतात. याउलट, अलीकडच्या कामात मोझेकच्या मागे ९ व्या शतकातल्या भित्तिचित्रांचे अवशेष हाती लागले. म्हणजे आत्ताची भिंतही आधीच्या एका भिंतीवर उभी आहे.

आणि लोणा

बाहेर पडता पडता आई बाजूच्या भिंतीजवळ वाकली. गिलाव्यावर पांढरी भुकटी आली होती, खालून हातभर. तिनं बोट न लावता नुसतं दाखवलं. “अगं, हा लोणा आहे. आमच्या माजघराच्या भिंतीला यायचा तसाच.”

तसाच. वीट म्हणजे बारीक छिद्रांची स्पंजसारखी वस्तू. चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो, तसं जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं. पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं. त्या मिठाचे खडे फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. गिलावा सुटला की त्यात रोवलेलं मोझेकही सुटतं. वरून काही दिसत नाही. म्हणून जपणूक करणारे लोक भिंतीवर हलकेच टकटक करून ऐकतात. नवीन घरात फरशी पोकळ बसली आहे का हे गवंडी ठोकून बघतो, अगदी तीच रीत. पोकळ आवाज आला की बारीक सुईनं आत चुन्याचं पातळ मिश्रण सोडतात.

१२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री लगूनमध्ये भरतीचं पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं. १९६६ नंतरचं ते सर्वांत मोठं पाणी. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तीन तोंडांवर ७८ लोखंडी दरवाजे वर उचलून मोठी भरती अडवतात, या योजनेचं नाव मोझे. ‘मग प्रश्न सुटला ना?’ असं वाटतं. वरून येणारं पाणी अडलं हे खरं. पण जमिनीतून चढणारं पाणी दरवाज्यानं अडत नाही, आणि आधीच भिंतीत बसलेलं मीठ तिथेच आहे. ते काढणं आणि परत येऊ नये म्हणून बघत राहणं हे वर्षानुवर्षांचं, हातांनी करायचं काम आहे. या चर्चचं आयुष्य आता त्याच्यावर आहे.

व्हेनिसमधलं सान मार्को बघितलं तर चालणार नाही का?

सान मार्को बघाच. पाच घुमट, सगळीकडे सोनं. १०६३ मध्ये सुरू केलेलं, कॉन्स्टँटिनोपलच्या एका चर्चवरून घेतलेलं. पण तिथे रांगेतून सरकताना मान वर करायला फुरसत मिळत नाही, आणि चित्रं इतकी की एकही मनात राहत नाही. तोर्चेल्लोला दोन भिंती पुरतात.

व्हेनिसच्या उत्तरेच्या फोंदामेंते नोवे धक्क्यावरून बुरानोची सरकारी बोट मिळते, पाऊण तासाची वाट. बुरानोहून तोर्चेल्लो पाच मिनिटांवर. चर्चच्या वेळा आणि परतीच्या बोटी मोसमाप्रमाणे बदलतात, त्या आधी बघून ठेवा. बेटावर मुक्कामाची सोय फारच थोडी आहे. जमलं तर शेजारच्या घंटाघरावर चढा. वरून सगळं लगून दिसतं, चिखलाचे पट्टे, बोरूची बेटं, आणि लांब पाण्यात व्हेनिसचे मनोरे. आल्तिनुम सोडून आलेल्या लोकांना समोर काय दिसत होतं ते तिथून कळतं.

आत मात्र आधी पूर्वेकडे जा, घाई न करता, आणि मग वळा. आम्ही शेवटची पंधरा मिनिटं बाकावर बसून होतो. बाहेर ढग सरकत होते. खिडकीतून ऊन आलं की कोनाड्याची उजवी बाजू पेटायची, गेलं की मधली निळी रेघ तेवढी उरायची. रखवालदार किल्ल्या घेऊन आला तेव्हा आई म्हणाली, “अजून एकदा ऊन येऊ दे, मग निघू.” तो थांबला.